दुसऱ्या बेसजवळची भेग

माझ्या टेबलावर जी पाटी आहे तिच्यावर माझं नाव आणि खाली ‘लिपिक’ एवढंच लिहिलेलं आहे. समोर येणाऱ्याला तेवढं पुरतं. पण ही नोकरी मला सुंदर अक्षरामुळे किंवा टायपिंगच्या वेगामुळे मिळालेली नाही. जमिनीवरून सरपटत येणारा बॉल मी उचलते आणि पळणारी बाई पोचायच्या आत पहिल्या बेसवर फेकते, या एका कामावर मला ती मिळाली. खेळाडूंसाठी राखीव असलेल्या जागेवर लागले, आणि लागल्यावरही सतरा वर्षं नांदेडच्या संघातून बेसबॉल खेळले. पगार कार्यालयाचा असला तरी मी स्वतःला कायम शॉर्टस्टॉपच समजत आले. आमचे साहेबही हे जाणून होते. मार्चअखेरीला स्पर्धा आली की ते कपाळाला हात लावायचे आणि रजेवर सही करायचे.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चार बेसचा एक चौकोन असतो. हिटर बॉल मारते आणि पहिल्या बेसकडं पळत सुटते. बॉल जमिनीवरून आला असेल तर तो उचलून तिच्याआधी पहिल्या बेसवरच्या आमच्या मुलीच्या हातात पोचवायचा. पोचला तर हिटर आउट. नाही पोचला तर ती तिथं उभी राहते, पुढच्या हिटरच्या फटक्यावर पुढं सरकते आणि चौथा बेस गाठला की एक रन होते. आतल्या मैदानात पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर एकेक जण असते. दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधे जी उभी असते ती शॉर्टस्टॉप. बाकीच्या तिघींना आपापलं घर असतं, शॉर्टस्टॉपला नुसती हद्द असते. सगळ्यांत जास्त बॉल तिच्याच हद्दीत येतात. इथं कुणालाही उभं करत नाहीत, हे मी थोडं मिरवूनच सांगते. एवढा हक्क मला आहे.

लोकांना मात्र या खेळाबद्दल भलत्याच शंका. बॅटांची पिशवी घेऊन आम्ही बसमध्ये चढलो की कंडक्टर विचारायचा, “ताई, कुणाला मारायला निघालाव?” एकदा हिमायतनगरकडचे एक म्हातारे अर्ज घेऊन माझ्या टेबलाशी आले. अर्ज बाजूला राहिला, त्यांची नजर माझ्या उजव्या हाताच्या करंगळीवर. ती दोन ठिकाणी वाकडी आहे.

“बाई, बोट कशानं मोडलं?”

“बॉल लागला, आजोबा.”

“नोकरी लागायच्या आधी का नंतर?”

“आधी.”

“मंग बेस झालं,” म्हणाले, आणि समाधानानं अर्ज पुढं केला.

ह्याच करंगळीवरून माझं लग्नही अडणार होतं. मला पाहायला आले तेव्हा मुलाच्या आत्यानं चहाच्या ट्रेपेक्षा बोटाकडंच जास्त पाहिलं आणि विचारलं, “या बोटानं पोळ्या लाटता येतेत का?” माझी आई शांतपणे म्हणाली, “पोळ्या तळहातानं लाटतेत. तुमच्याकडं बोटानं लाटतेत का?” मुलगा फसकन हसला. तो हसला म्हणूनच मी होकार दिला. आज तो माझे ग्लोव्ह तेल लावून ठेवतो.

आता मातीबद्दल. इथून पुढची सगळी गोष्ट मातीचीच आहे.

परदेशातले सामने आताच्या मुली मोबाइलवर बघतात. तिथलं मैदान पाटावर सारवल्यासारखं असतं. आमचं मैदान काळ्या मातीचं. ती पावसाळ्यात पायाला चिकटते, आणि फेब्रुवारीनंतर तडकते. भेगा अशा पडतात की रुपयाचं नाणं उभं सरकावं. आतल्या मैदानात उभ्या राहणाऱ्या इन्फिल्डरचं पोट बॉलच्या उडीवर असतं. बॉल कसा उसळणार हे ओळखूनच आम्ही पुढं जायचं का थांबायचं ते ठरवतो. भेगेवर पडलेला बॉल मात्र कुणाच्या बापाचं ऐकत नाही. तो तोंडावर येतो, खांद्यावरून जातो, नाही तर तिथंच मरतो. माझी करंगळी अशाच एका भेगेनं घेतली.

माझे बाबा हिमायतनगर तालुक्यातले शेतकरी. खेळातलं त्यांना काही कळायचं नाही. पण बोट मोडल्यावर ते मैदान बघायला आले. कुठं बॉल लागला ती जागा दाखव म्हणाले. उकिडवे बसून त्यांनी भेगेत अंगठा घातला आणि आम्हाला खेळ शिकवणाऱ्या सरांना विचारलं, “ही कशानं बुजवता तुम्ही?”

“वरून माती टाकतो.”

“काय करून राह्यले सर तुम्ही! वरून माती टाकली तर भेग झाकती, बुजत न्हाई. खळं करताना आम्ही असं केलं तर निम्मी ज्वारी भेगंतच जाईल.”

मग त्यांनी आतल्या मैदानातल्या आम्हा चौघींना बसवून शिकवलं. आधी भेगेच्या कडा खुरप्यानं तासायच्या. आत पाणी सोडायचं, ते पिऊ द्यायचं. माती आणि बारीक भुसा कालवून गोळा करायचा, तो आतपर्यंत दाबायचा, टाचेनं चेपायचा. वर कोरडी माती भुरभुरायची आणि अर्धा तास त्याच्याकडं ढुंकूनही बघायचं नाही. त्या दिवसापासून आमच्या संघाच्या सामानात बॅट, ग्लोव्ह, हेल्मेट आणि चार खुरपी असायची. दुसरे संघ हसायचे. आम्ही गुडघ्यांवर बसून भेगा बुजवायचो आणि मग त्यांना हरवायचो.

यातूनच आमच्यात एक रीत पडली. प्रत्येकीनं आपापली जागा आपणच बुजवायची. सर त्याला वाफा म्हणायचे. दुसरीच्या वाफ्यात हात घालायचा नाही, कारण माती कुठं भिजली, कुठं मऊ राहिली, हे जिच्या हातानं बुजवलं तिलाच ठाऊक असतं. रीत चांगली होती. तिच्याआड मी लपले, तो माझा दोष.

दुसऱ्या बेसवर महानंदा होती. लातूरजवळच्या मुरुडची. वडिलांचं तिथं किराणा दुकान, लग्न होऊन नांदेडला आलेली. शॉर्टस्टॉप आणि सेकंड बेस म्हणजे एका बैलगाडीचे दोन बैल. मी न बघता बॉल फेकायचा आणि तिचा ग्लोव्ह तिथं असायचा. अशी सात वर्षं आम्ही जोडीनं खेळलो. मग तिला मुलगी झाली, वर्षभर ती घरी राहिली आणि परत आली तेव्हा तिचे पाय पूर्वीसारखे उचलत नव्हते. एका सरावात तिच्या बाजूचे दोन बॉल सुटले आणि मी सगळ्यांसमोर बोलून गेले, “बाळंतपण झालं, आता घरी बसायचं. संघाला कशाला अडकवून ठेवायचं?”

तिनं ग्लोव्ह काढला, पाणी प्याली, परत जागेवर जाऊन उभी राहिली. त्यानंतर दोन महिने आमचा अबोला. गंमत अशी की या खेळात न बोलता चालत नाही. बॉल वर उडाला की जी झेलणार तिनं “माझा, माझा!” असं ओरडावंच लागतं, नाही तर दोघी एकमेकींवर आदळतात. तेवढं आम्ही ओरडायचो. मैदानाबाहेर आलो की ती बॉल टाकणाऱ्या पिचरशी बोलायची आणि मी हिटरच्या मागं झेलणाऱ्या कॅचरशी.

आणि याच काळात लातूरची राज्य स्पर्धा आली. पहिल्या तिघांत आलो तर जे प्रमाणपत्र मिळतं ते नोकरीच्या राखीव जागेसाठी चालतं. चौथ्याला काही नाही. मला नोकरी होतीच. महानंदाला नव्हती. ती सात वर्षं खेळली, पण नेमकी तिच्या काळात आमची गाडी दर वेळी चौथ्या-पाचव्या नंबरावर अडकलेली. भरतीची वयोमर्यादा संपायला तिला काही महिने उरलेले. नवऱ्याचं काम आज आहे, उद्या नाही अशातलं. सगळ्या संघाला हे माहीत होतं, मलाही. उपांत्य सामना आम्ही हरलो, आणि तिचं सगळं तिसऱ्या क्रमांकाच्या एका सामन्यावर येऊन थांबलं.

सामन्याच्या दिवशी सकाळी आम्ही खुरपी घेऊन मैदानावर उतरलो, पण महानंदा नव्हती. तिची मुलगी मुरुडला आजीकडं होती. तिला ताप चढला म्हणून ही पहाटेच्या गाडीनं तिकडं गेलेली. “येईन,” एवढंच सरांना सांगून.

मी माझा वाफा नीट केला. हात धुवायला निघाले तेव्हा पाहिलं, दुसऱ्या बेसच्या पलीकडं, महानंदा उभी राहते तिथून पाचसहा पावलांवर एक भेग. वीतभर लांब, हिटरकडं तोंड करून. माझ्या हातात खुरपं होतं. बादलीत पाणी होतं. भुसाही उरलेला. अर्ध्या तासाचं काम आणि सामन्याला दोन तास. मी उभी राहिले. मनात म्हटलं, तिचा वाफा आहे, तिनं बघावं. येऊन बघेल. मग तेही बरं वाटेना, म्हणून जाता जाता बुटानं दोनतीन वेळा कोरडी माती भेगेवर लोटली आणि निघून आले.

बाबांनी ज्याला झाकणं म्हटलं होतं तेच मी केलं, हे मला तेव्हा कळलं नाही. म्हणजे कळलं असणार, पण कळवून घ्यायचं नव्हतं.

महानंदा आली ती सामना सुरू व्हायला पंधरा मिनिटं असताना. वडिलांच्या मोटारसायकलवर. त्यांनी बाजाराच्या दिवशी दुकानाचं शटर ओढलं होतं, ही गोष्ट मुरुडमध्ये कुणाला खरी वाटली नसती. ती उतरली ती धावतच मैदानात गेली आणि आपल्या जागेभोवती माती बघत फिरली. त्या भेगेजवळ थांबली. मी लांबून पाहत होते. वर माती सारखी दिसत होती. ती पुढं गेली.

तेव्हा कुठं मला कळलं. भेग उघडी असती तर तिनं पाहिली असती. मी ती तिच्यापासून लपवून ठेवली होती.

आता बुजवायला वेळ नव्हता. ओली माती वाळली नसती तर आणखी वाईट. सांगावं का तिला? हे मी आजही स्वतःला विचारते. ज्या इन्फिल्डरला भेग कुठं आहे ते कळतं आणि बुजवता येत नाही, ती घाबरते, मागं सरकते. मागं सरकली की प्रत्येक बॉलला उशीर होतो. हे कारण खरं आहे. पण दोन महिन्यांचा अबोला मोडून “मी चुकले” म्हणायला माझी जीभ रेटली नाही, हेही तेवढंच खरं आहे.

मी एकच केलं. माझ्या नेहमीच्या जागेपासून चार पावलं दुसऱ्या बेसकडं सरकून उभी राहिले, जरा मागं. त्या भेगेवर बॉल पडलाच तर मागून धरता यावा म्हणून.

सरांच्या ते पहिल्याच इनिंगमध्ये लक्षात आलं. “वंदना! तिकडं काय करून राह्यलीस? तुझी जागा सोडू नको!”

मी ऐकू न आल्यासारखं केलं. पाचव्या इनिंगपर्यंत आमच्या तीन रन होत्या आणि समोरच्या संघाची एक. तेव्हा त्यांच्या एका धिप्पाड हिटरनं एक साधा, जमिनीवरून सरपटणारा ग्राउंडर मारला, अगदी मी रोज उभी राहते तिथून. डोळे मिटून उचलावा असा. मी पळाले, झेपावले, बॉल ग्लोव्हच्या टोकाला लागून निघून गेला. तिसऱ्या बेसवर थांबलेली त्यांची रनर आत गेली, दुसरी रन. माझी आई आउटफिल्डमध्ये असती तरी तिनं मला शिव्या दिल्या असत्या. सरांनी टोपी जमिनीवर आपटली. आमची तिसऱ्या बेसवरची पोरगी म्हणाली, “ताई, बरं वाटंना का तुमाला?” महानंदानं वळून माझ्याकडं पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग पाठ फिरवून पुन्हा आपल्या जागी वाकली.

पुढच्या इनिंगला सर माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, “जागेवर उभी राहणार असशील तर खेळ. न्हाई तर बस बाहेर.”

“सर, एवढा सामना माझ्यावर सोडा,” मी म्हटलं. सोळा वर्षांत मी त्यांना उलट बोलले नव्हते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मान हलवली आणि निघून गेले. त्या मान हलवण्यात होकार होता का वैताग, अजून विचारलं नाही.

शेवटची, सातवी इनिंग. आम्ही एका रननं पुढं. त्यांच्या दोघी आउट झालेल्या, पण एक रनर तिसऱ्या बेसवर आणि एक दुसऱ्यावर. एक आउट मिळाली तर महानंदाला नोकरीचा दरवाजा उघडा. एक बॉल निसटला तर दोघी आत येणार, सामना त्यांचा आणि दरवाजा कायमचा बंद. तिचे वडील दोरीच्या बाहेर हात जोडून उभे होते. कुठल्या बाजूला बघायचं हे त्यांना कळत नव्हतं, म्हणून ते लेकीकडंच बघत होते.

फटका बसला. बॉल जोरात, सरळ, जमिनीवरून महानंदाच्या बाजूला. आणि ती थांबली नाही, मागंही सरली नाही. बाळंतपणाआधी पळायची तशी पुढं झेपावली, ग्लोव्ह जमिनीला लावून. बॉल बरोबर त्या मातीवर पडला. धूळ उडाली. बॉल तिच्या ग्लोव्हच्या वरून, खांद्याच्या वरून उसळला.

फटका बसताच मी धावले होते, तिच्या मागंच होते. ग्लोव्ह डाव्या हातात, बॉल उजवीकडं. उघड्या उजव्या हातानं, त्या वाकड्या करंगळीसकट, मी तो हवेतच पकडला आणि पाय स्थिर न करता फेकला. पहिल्या बेसवर ग्लोव्हचा आवाज आधी आला, हिटरचा पाय नंतर. अंपायरची मूठ वर गेली.

पुढचं मला नीट आठवत नाही. कुणीतरी माझ्या पाठीवर चढलं होतं. सरांनी टोपी उचलून परत आपटली, या वेळी आनंदानं. महानंदाचे वडील दोरी ओलांडून आत आले आणि प्रत्येकीला विचारत सुटले, “पोरींनो, झालं का? जितलो का हरलो?” कॅचर म्हणाली, “जितलो काका!” तसे ते तिथंच मातीत बसले आणि रडायला लागले.

महानंदा मात्र उड्या मारत नव्हती. ती त्या भेगेपाशी बसून बोटानं माती उकरत होती. कोरडी माती निघाली, खाली भेग. तिनं त्यात अंगठा घातला, माझ्या बाबांसारखाच. मग माझ्याकडं पाहिलं. मी तिच्याजवळ गेले. आता पळायला जागा नव्हती.

“मी झाकली,” मी म्हटलं. “सकाळी. बुजवायला वेळ होता. राग होता म्हणून बुजवली न्हाई.”

ती उठली. मला वाटलं, आता ग्लोव्ह तोंडावर बसणार, आणि बसला असता तरी मी काही म्हटलं नसतं.

“म्हणून तू तिथं उभी होतीस व्हय?” ती म्हणाली. “मला वाटलं, माझ्या पायावर तुझा भरोसा न्हाई. पाचव्या इनिंगपर्यंत मी मनातून तुला लई शिव्या दिल्या.”

“आणि नंतर?”

“नंतर तुझा बॉल सुटला. तुझ्यामुळं रन गेली, सर बोलले, तरी तू हालली न्हाईस. तवा म्हटलं, काही का असंना, माझ्या मागं ही हाय. म्हणून तर पुढं झेपावले. एरवी मी त्या बॉलला थांबले असते.”

मग ती रडली, मीही रडले. दोन महिन्यांचं सगळं बोलणं आम्ही त्या परतीच्या गाडीत लातूर ते नांदेड केलं. मुलीचा ताप उतरल्याचा फोन अहमदपूरच्या आसपास आला.

तिला नोकरी लागली. हिमायतनगरला, माझ्या माहेरच्या तालुक्यात, एका कार्यालयात ती आता बसते. लागल्यावर माझ्या बाबांना पेढे द्यायला आमच्या गावी गेली आणि त्यांच्याकडून पुन्हा एकदा भेग बुजवायची पद्धत ऐकून आली, पहिल्यांदाच ऐकतेय असं दाखवून.

माझ्या हातून अनेक चांगले बॉल उचलले गेले. राज्याच्या संघात निवड झाली, चषक आले, ते कपाटात आहेत. पण मला कुणी विचारलं की तुझा सगळ्यांत चांगला बॉल कोणता, तर मी लातूरचाच सांगते. आणि सगळ्यांत वाईट काम कोणतं, तर तेही त्याच दिवशीचं, त्याच जागेचं. दोन्ही एकाच दिवशी झाली, म्हणून मला एकाची फुशारकी मारताना दुसऱ्याबद्दल गप्प बसता येत नाही.

आता मी खेळत नाही. गुडघ्यांनी राजीनामा दिला. रविवारी सकाळी नांदेडच्या मैदानावर मुलींना शिकवते. चांगल्या आहेत. माझ्यापेक्षा हात जलद आहेत, फक्त मोबाइल बाजूला ठेवताना त्यांचा जीव जातो. खुरपी अजून सामानात आहेत. एकच रीत मी बदलली. आमच्याकडं आता कुणी स्वतःचा वाफा बुजवत नाही. शॉर्टस्टॉपचा सेकंड बेसवालीनं बुजवायचा, तिचा शॉर्टस्टॉपनं. नव्या मुली विचारतात, असं का? मी सांगते, करा, कळेल.

महानंदा दर रविवारी येतेच असं नाही, पण महिन्यातून एकदा तरी हिमायतनगरहून पहिली गाडी धरून येते. चहा घेत नाही, कुणाशी बोलत नाही. बादली भरते, खुरपं घेते आणि सरळ दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधे, माझ्या जुन्या जागेवर जाऊन गुडघ्यावर बसते. मी तिच्या जागेवर बसलेली असते. अर्धा तास दोघी खाली मान घालून कडा तासतो, पाणी सोडतो, टाचेनं चेपतो. मग ती उठून कंबरेवर हात ठेवते आणि मैदानभर ऐकू जाईल असं ओरडते, “वंदे, तुझं झालं ग बुजवून. माझं येऊन बघते, या वेळीबी झाकलं तर न्हाईस?”

आणि ती खरंच बघायला येते, दर वेळी अंगठा घालून.